चुकांची वही

१

चैतालीला जाऊन दीड वर्ष झालं होतं. ती कशानं गेली ते सगळ्यांना ठाऊक होतं. गोळी घेतल्याचं विसरली, पुन्हा घेतली, पुन्हा विसरली, पुन्हा घेतली, आणि लहानपणापासून नाजूक असलेलं तिचं हृदय थांबलं. पोलिसांत अकस्मात मृत्यूची तशीच नोंद होती. नोंद मीनाबाई बनसोडेंच्या हातची होती.

मीनाबाई सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाल्या त्याला चार महिने झाले होते. त्यांची भाची ऋतुजा एका वाचनालयाच्या सभागृहात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी जुने सिनेमे दाखवायची. "मावशी, घरात बसून गंजशील. चल माझ्याबरोबर," असं म्हणून तिनं त्या दिवशी मावशीला ओढूनच आणलं.

सिनेमा इंग्रजी होता, काळापांढरा, साठसत्तर वर्षांपूर्वीचा. समुद्रकाठी एक मोठं घर, त्यात नवरा-बायको. नवरा देखणा, बोलायला मधाळ. बायको कुठली तरी वस्तू ठेवायची, ती सापडायची नाही, आणि नवरा तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणायचा, तू थकली आहेस. सभागृहात पंधरावीस माणसं होती. सगळ्यांत मागं, दाराजवळच्या स्टुलावर, झाडलोट करणाऱ्या बाळाबाई बसल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर कुलूप लावायचं काम त्यांचं, म्हणून त्या दर वेळी बसून राहायच्या. इंग्रजी त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

पडद्यावर नवऱ्यानं बायकोचा चष्मा उचलून आपल्या कोटाच्या खिशात टाकला. मग तोच नवरा गुडघ्यांवर बसून, पलंगाखाली वाकून, तिच्याबरोबर तो चष्मा शोधू लागला. किती मायेनं शोधत होता!

मागं स्टूल आपटल्याचा आवाज आला. बाळाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

"असाच हुडकत व्हता," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "माझ्या चैतालीची बुगडी असाच हुडकत व्हता त्यो. खाटंखाली शिरून."

ऋतुजानं सिनेमा थांबवला. मीनाबाई उठून मागं गेल्या तेव्हा बाळाबाईंनी त्यांना ओळखलं. दीड वर्षापूर्वी त्यांच्यासमोर याच बाईनं लेकीचा पंचनामा केला होता.

"बाई, माझी लेक विसरभोळी नव्हती," बाळाबाई म्हणाल्या. "तवाबी म्या हेच सांगत व्हते. तुमी ल्हिवून घेतलं न्हाय."

२

मीनाबाईंनी खरंच लिहून घेतलं नव्हतं. आई आहे, म्हणणारच, असं त्यांनी तेव्हा मनाशी म्हटलं होतं.

त्या दुपारी त्या बाळाबाईंच्या खोलीवर गेल्या. चूल, दोन हंडे, भिंतीवर चैतालीचा लग्नातला फोटो. सव्वीस वर्षांची पोर. बाळाबाईंनी पत्र्याच्या पेटीतून साडीत गुंडाळलेली एक शंभर पानी वही काढली.

मीनाबाईंना ती लगेच आठवली. चैतालीचा नवरा दीपक यानंच ती पोलिसांना आणून दिली होती. "मॅडम, डॉक्टर म्हणाले लिहून ठेवलं की आठवतं, म्हणून मीच तिला ही लावून दिली," असं डोळे पुसत तो म्हणाला होता. घरात तिला चुकांची वही म्हणायचे. मीनाबाईंनी पहिली दोन पानं वाचली होती, मागचा गोळ्यांचा तक्ता पाहिला होता. मीठ दोनदा घातलं. दूध उतू गेलं. किल्ली हरवली. बाईचं डोकं ठिकाणावर नाही एवढं कळायला तेवढं पुरे होतं. नोंद मिटल्यावर बाळाबाईंनी वही मागितली. "लेकीचं अक्षार हाय, मला द्या." दीपक लगेच म्हणाला होता, "द्या ना आईंना." त्याला माहीत होतं, आईंना वाचता येत नाही.

"दीड वरीस म्या नुसती हातात धरून बसते," बाळाबाई म्हणाल्या. "कुणाकडनं वाचून घ्यायचं धाडस झालं न्हाय. वंगाळ काय असलं तर?"

मीनाबाईंनी तिथंच बसून वही वाचायला घेतली. बारीक, सरळ, शाळेत पहिली येणाऱ्या मुलीचं अक्षर होतं. सातव्या पानावर त्या थांबल्या.

'१४ मार्च. आज पाणी आलं नाही असं मी म्हटलं. हे म्हणाले, पाणी येऊन गेलं, मी मोटर लावायला विसरले. माझ्यामुळे टाकी रिकामी राहिली.'

चैतालीनं स्वतःच्या चुका लिहिल्या होत्या. पण त्या चुका होत्या कशावरून? सोलापुरात चौथ्या-पाचव्या दिवशी नळ येतो. बायका सण विसरतील, पाण्याची पाळी नाही विसरत. आणि पाणी आलं की नाही हे सांगणारा माणूस नवऱ्याखेरीज शहरात आणखी एक असतोच.

३

त्या भागात पाण्याची चावी सोडायचं काम येडू करायचा. पन्नाशीचा, सायकलला लांब दांड्याची चावी बांधून हिंडणारा. पाणी कधी सोडलं, कधी बंद केलं, हे तो खिशातल्या डायरीत लिहून ठेवायचा. लोक भांडायला आले की तीच डायरी पुढं करायचा.

"दोन-अडीच वर्सामागची हाय की घरी," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी घेऊन आला. बोट ओलं करून पानं उलटली. "चौदा मार्च... न्हाय मॅडम. पाळी त्या दिवसाची व्हती, पण एक दिस फुडं गेली. पंधराला सोडलंय, सकाळी सा वाजता."

"नक्की?"

"व्हय. हे काय, ल्हिवलंय."

म्हणजे चौदा तारखेला पाणी आलंच नव्हतं. चैताली बरोबर होती.

मीनाबाईंनी बाळाबाईंकडून मागून आणलेली वही तिथंच पुन्हा उघडली. एक चूक खोटी निघाली तर बाकीच्यांचं काय?

वहीत पुढं एक ब्लाउज होता. 'जांभळा ब्लाउज शिवायला टाकला असं मी म्हणते. हे म्हणतात, तू गेलीच नव्हतीस.' नंतर तीन आठवड्यांनी त्याच ब्लाउजबद्दल आणखी एक नोंद होती. मीनाबाई ती वाचून थेट शिंपी गुरुसिद्धप्पांच्या दुकानात गेल्या.

म्हातारबुवांनी मशीन थांबवलं. "जांभळा? आठवतो की. टाकून गेली आणि आलीच नाही बरेच दिवस. मग एका रविवारी आली, हातात माझी पावती. पिशवीच्या अस्तरात अडकली होती म्हणे. म्हणाली, काका, मी खरंच इथं आले होते का? मी म्हटलं, पोरी, तू नाहीतर काय तुझं भूत आलं होतं? तर हसायला लागली. हसत हसत डोळ्यांना पाणी. पुन्हा पुन्हा विचारत होती, मीच आले होते ना?"

त्या रविवारची नोंद वहीत अशी होती: 'ब्लाउज टाकला होता. पावती सापडली. म्हणजे मी बरोबर होते? मग बाकीच्या वेळी?'

दीपक ती वही रोज संध्याकाळी तपासायचा, तसं त्यानंच तेव्हा सांगितलं होतं. त्यानंही ते वाक्य वाचलंच असणार.

त्यानंतरच्या गुरुवारी चैताली मेली.

४

पण गुरुवारी दीपक सोलापुरात नव्हता. पशुखाद्य विकायचं त्याचं काम, त्यासाठी तो सकाळी सहाला अकलूजला निघाला आणि दुपारपर्यंत तिथल्या डेअऱ्यांत होता. हे मीनाबाईंनी त्या वेळीच पडताळलं होतं आणि ते खरं होतं. घराला आतून कडी होती. मग मारलं कुणी, आणि कसं?

औषधात गफलत असेल तर? मीनाबाई दीपकच्या गल्लीतल्या औषध दुकानात गेल्या. मालक सिद्धेश्वर त्यांना पाहून आधीच घामाघूम झाला. "मॅडम, मी बरोबर गोळी दिली होती. चिठ्ठी दाखवतो."

"कुणी नेली?"

"दीपकरावांनीच. सोमवारी. लई काळजी करायचे हो बायकोची. मला विचारलं, ही विसरभोळी आहे, चुकून दोन-तीन घेतल्या तर? मी म्हटलं, हिच्या हृदयाला एकच झेपते, जास्तीची जिवावर बेतेल. जपून ठेवा." बोलता बोलता तो थांबला. काउंटरवरचा हात त्यानं हळूच मागं घेतला. "मॅडम, त्यांनी काळजीनं विचारलं असंच मी समजलो."

सोमवार. ब्लाउजच्या रविवारनंतरचा.

बाळाबाईंचा राग मात्र चैतालीच्या सासूवर होता. लग्नानंतर दोनच महिन्यांत सासू निंगव्वा घर सोडून मैंदर्गीला निघून गेली होती आणि लेकाच्या घरी पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं. मीनाबाई एसटीनं मैंदर्गीला गेल्या. निंगव्वा अंगणात शेंगा फोडत होती. "बर्री, कूड्री," म्हणत तिनं बसायला पोतं सरकवलं.

चैतालीचं नाव निघताच तिचे हात थांबले.

"मला बी लावलं होतं तेनं," ती म्हणाली. मराठी बोलताना कानडी हेल होता; आईला अव्वा, सासूला अत्ती. "अव्वा तू जेवलीस, अव्वा तू जेवली नाहीस. अव्वा, तू काल हे बोललीस. मी कशाला बोलू? मला माझं पोट कळतंय की. मी आले निघून. त्या पोरीला म्हटलं, चल माझ्यासंगं. ती म्हणाली, अत्ती, ते माझ्या भल्याचंच सांगतात."

"कशासाठी करतो तो असं?"

निंगव्वानं हातातली शेंग खाली टाकली.

"लहानपणी कुत्र्याचं पिल्लू पाळलं होतं तेनं. हाक मारायचा, आलं की मारायचा. मग जवळ घ्यायचा. परत हाक. पिल्लू यायचंच." तिनं डोळ्यांना पदर लावला. "मी तवाच ओळखायला पाहिजे होतं. आई आहे ना. नाही ओळखलं."

निघताना निंगव्वानं त्यांचा हात धरला. "बाई, पाच महिने झाले, तेनं दुसरी केली. तुमाला कळलं नाही काय?"

५

परतीच्या एसटीत मीनाबाईंनी वहीचं शेवटचं पान मांडीवर उघडलं. मागच्या बाजूला चैतालीनं गोळ्यांचा तक्ता आखला होता. तारीख, वेळ, बरोबरची खूण. रोज एकच ओळ, सकाळी आठ. त्या गुरुवारी मात्र चार ओळी होत्या.

'८-०० घेतली.' ती खोडलेली. 'विसरले. ९-०५ घेतली.' ती खोडलेली. 'विसरले. १०-०४ घेतली.' तीही खोडलेली. 'विसरले. ११-०५ घेतली.' ही तेवढी तशीच.

दीड वर्षापूर्वी हेच पान पाहून त्यांनी लिहिलं होतं: मयत विसरभोळी असल्याने तिने चार वेळा औषध घेतले.

आता त्यांना स्वतःचीच लाज वाटली. जो माणूस गोळी घेतल्याचं खरोखर विसरतो, तो वही उघडतो, आठची खूण बघतो आणि म्हणतो, अरे, घेतली की. त्यासाठीच तर वही असते. किंवा वही न बघता गोळी घेतो आणि नवी खूण करतो. पण तो आधीची खूण खोडत नाही. आपण केलेली खूण खोटी आहे, असं विसरलेल्या माणसाला आपलं आपण कधीच कळत नाही. ते दुसऱ्या कुणी तरी सांगावं लागतं.

घरात दुसरं कुणी नव्हतं. कडी आतून होती. फक्त फोन होता.

आणि दीपकचा जबाब त्यांनीच लिहून घेतला होता. तो त्यांना अक्षरशः आठवत होता. 'मला तिची काळजी वाटत असल्याने मी अकलूजहून तिला नऊ वाजता, दहा वाजता व अकरा वाजता फोन केला. साडेअकराला केला असता तिने उचलला नाही.'

नऊचा फोन, नऊ-पाचची गोळी. दहाचा फोन, दहा-चारची गोळी. अकराचा फोन, अकरा-पाचची गोळी. चैताली, तू गोळी घेतली नाहीस. खूण चुकून केली असशील. बघ, तुझं असंच होतं. आणि चार दिवसांपूर्वी एका पावतीनं जराशी सावरलेली ती पोर, दोन वर्षांच्या सवयीपुढं पुन्हा मान खाली घालून उठली. तिनं आपली खूण खोडली आणि पाण्याचा पेला भरला.

त्यानं तिला हात लावला नव्हता. अकलूजच्या डेअरीत उभं राहून, चहा पीत, त्यानं तिला तिच्याच हातानं मारलं होतं.

मीनाबाईंनी वही मिटली. एसटी सोलापुरात शिरत होती. त्या घरी गेल्याच नाहीत. रिक्षा करून थेट दीपकच्या घरी गेल्या.

६

दार उघडलं ते तेविसेक वर्षांच्या मुलीनं. सोनम, करकंबची. पोटावर हात, तिसरा-चौथा महिना असावा.

"हे अकलूजला गेलेत," ती म्हणाली. "चहा ठेवते. साखर... थांबा हं, साखरेचा डबा कुठं ठेवला मी? हल्ली माझं काही लक्षातच राहत नाही."

टेबलावर नवी कोरी वही होती. पहिली पाचसहा पानंच भरली होती.

मीनाबाईंनी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. पाणी, ब्लाउज, औषध दुकान, चार ओळी. सोनमनं मधे मधे मान हलवली. शेवटी ती उठून उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही मोठ्या आहात म्हणून ऐकून घेतलं. हे तसे नाहीत. माझी एवढी काळजी माझ्या आईनंसुद्धा केली नाही. तुम्ही जा आता."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पडद्यावर नवऱ्याचं नाव होतं. सोनमनंच, जणू आपला नवरा कसा आहे हे दाखवायला, स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला.

"काय करतीय माझी राणी? रक्तवाढीची गोळी घेतली का?"

"घेतली की. जेवण झाल्या झाल्या."

पलीकडून मग तोच मऊ आवाज. "नाही घेतलीस, सोनम. मघाशी फोनवर तूच म्हणालीस, नंतर घेते."

"अहो, मघाशी तुमचा फोनच..."

"बघ, ते पण विसरलीस. वहीत खूण चुकून केली असशील. खोड ती. घे बरं गोळी. बाळासाठी."

सोनमचा हात वहीकडं गेला. पेनापर्यंत गेला. मीनाबाईंनी तो हात धरला आणि तसाच धरून ठेवला.

"दीपकराव," त्या फोनकडं वाकून म्हणाल्या, "मी मीना बनसोडे बोलतेय. गेला अर्धा तास मी हिच्यासमोर बसलेय. मघाशी तुमचा फोन आला नव्हता. गोळीचं रिकामं पाकीट ताटाशेजारी पडलंय, ते मी बघतेय. तिनं गोळी घेतलीय."

फोन बंद झाला. सोनमनं आपला हात सोडवून वही मिटली. मग तिनं आत जाऊन दोन साड्या पिशवीत भरल्या आणि म्हणाली, "मला करकंबच्या गाडीत बसवून द्याल का? एकटीनं गाडी चुकेल माझी." दारापर्यंत आली आणि थांबली. "नाही. चुकायची नाही. पण तुम्ही या."

७

पुढचं सांगायला फार नाही. मीनाबाईंनी ठाण्यात जाऊन आधी स्वतःविरुद्ध लिहून दिलं, की तपास आपण नीट केला नव्हता. तपास पुन्हा उघडला. येडूची डायरी, शिंप्याची पावती, सिद्धेश्वरचा आणि सोनमचा जबाब, त्या दिवशीच्या फोनची नोंद, सगळं जमा झालं आणि दीपकला अटक झाली. कोर्टात किती टिकेल ते मीनाबाईंना सांगता येत नव्हतं. फोनवर गोळी घे म्हटल्याबद्दल माणसाला काय शिक्षा द्यायची, याची सवय कुठल्याच कोर्टाला नसते.

वही जमा करायच्या आदल्या दिवशी त्या बाळाबाईंकडं गेल्या. दुपारची वेळ होती. बाळाबाईंनी खोली सारवल्यासारखी स्वच्छ केली होती, चांगलं लुगडं नेसल्या होत्या.

"सगळी वाचून दावा," त्या म्हणाल्या. "एक बी वळ गाळू नगा."

मीनाबाई वाचू लागल्या. मीठ, दूध, किल्ली, बुगडी. प्रत्येक नोंदीनंतर बाळाबाई मान हलवायच्या. "न्हाय. अशी न्हाय माझी लेक." कुठंकुठं हसायच्यासुद्धा. जांभळ्या ब्लाउजपाशी मीनाबाईंना पुढं वाचवेना, तेव्हा बाळाबाईंनीच त्यांना पाणी दिलं.

मधलं एक पान दुसऱ्या पानाला चिकटलं होतं. मीनाबाईंनी ते अलगद सोडवलं. ते त्यांनीही वाचलं नव्हतं.

"'आज संक्रांत,'" त्यांनी वाचलं. "'दुपारी आईचा फोन आला होता, तीळगूळ पाठवते म्हणाली, असं मला आठवतंय. हे म्हणाले, फोन आलाच नाही. आईला तुझी आठवण असती तर केला नसता का. बरोबर आहे. मला भास झाला असेल.'"

बाळाबाईंनी हात पुढं करून वही घेतली, मांडीवर ठेवली, आणि जे अक्षर त्यांना कधीच वाचता येणार नव्हतं त्याच्यावर तळवा ठेवला.

"म्या केला व्हता की गं," त्या वहीला म्हणाल्या. "बाई, म्या केला व्हता. शेजारच्या पोरीच्या फोनावरनं. लई येळ बोललो आमी."